कोरान्न, माधुकरी, शिधा : महाराष्ट्रातील अन्नदानाचे जिन्नस

अन्नदानात नेमके काय द्यायचे, या प्रश्नाची मराठी मुलखात दोन जुनी उत्तरे होती: कोरडे किंवा शिजलेले. मूठ-ओंजळीने घातलेल्या कोरड्या धान्याच्या भिक्षेला कोरान्न म्हणत. शिजलेल्या अन्नाची, घरोघर थोडी थोडी मागितलेली भिक्षा ती माधुकरी. एका माणसाच्या एका जेवणाला लागणारे कच्चे जिन्नस तांदूळ-डाळीपासून तूप-मिठापर्यंत एकत्र काढून दिले की त्याला शिधा म्हणत. देणाऱ्या घराच्या दृष्टीने तिन्ही अन्नदानच. पण कोणाला कोरान्न घालायचे, कोणापुढे शिधा ठेवायचा आणि कोणाला ताट वाढायचे, हे ठरलेले असे. ते ठरवताना घेणाऱ्याच्या भुकेपेक्षा त्याची जात, त्याचे व्रत आणि देणाऱ्याचे सोवळे यांचा विचार बहुधा आधी होई. गेल्या दीडशे वर्षांत दुष्काळ, वसतिगृहे आणि रेशनची दुकाने यांनी हा क्रम हळूहळू बदलला.

कोरान्न सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त प्रचारातले. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, दिवसा येणारा गोसावी, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन देवीचा जोगवा मागणारी बाई यांना दारातूनच मूठभर धान्य किंवा पीठ घातले जाई. धान्य कोणते हे प्रदेशावर ठरे. देशावर ज्वारी-बाजरी, मावळात आणि कोकणात तांदूळ किंवा नाचणी. झोळीत दहा घरांचे धान्य मिसळे आणि संध्याकाळी त्या मिसळलेल्या धान्याचे पीठ होई. कोरान्नाला चूल लागत नाही, ताट लागत नाही, ते नासत नाही, आणि उरले तर वाण्याकडे देऊन मीठ-मिरची आणता येते. घेणाऱ्याच्या हातात निवड उरते ती याच प्रकारात. सुगीच्या दिवसांत हेच दान दारातून खळ्यावर जाई. रास तयार झाली की ती घरी नेण्यापूर्वी बलुतेदारांचे वाटे निघत आणि खळे मागायला आलेल्या फिरस्त्यांच्या पदरातही सुपाने धान्य पडे. बलुते हा कामाचा मोबदला आणि फिरस्त्याला दिलेले ते दान, असा भेद कागदावर स्पष्ट असला तरी खळ्यावर दोन्ही एकाच राशीतून निघत.

घेणाऱ्यानेही मर्यादा पाळावी, असा संकेत होता. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला दुसरा समास भिक्षेवर आहे. कोणी पुष्कळ आणून पुढे ठेवले तरी त्यातले थोडेच घ्यावे, असा त्याचा आशय. रामदासी परंपरेत भिक्षा हे लोकांच्या घरापर्यंत पोचण्याचे, माणसे जोखण्याचे साधनही होते, त्यामुळे एका दारात झोळी भरणे त्या हेतूलाच मारक ठरले असते.

कोरडे आणि शिजलेले यांतली खरी सीमारेषा सोवळ्याची होती. पाण्यात शिजवलेला भात, वरण, भाकरी हे खरकटे अन्न, आणि त्याला शिवाशिवीचे नियम कडक. तुपात तळलेले किंवा दुधातले पदार्थ त्या मानाने सैल. कच्च्या धान्याला मात्र विटाळ जवळजवळ नसेच. संस्कृतात त्याला आमान्न म्हणतात, आणि शिजवलेल्या अन्नाऐवजी कच्च्या धान्यावर करायच्या श्राद्धाला आमश्राद्ध असे वेगळे नावही आहे. यामुळे एक सोय झाली: ज्याच्या हातचे शिजलेले चालत नाही त्याच्याकडून शिधा मात्र घेता येई. कुणबी यजमान भटजीला जेवू घालू शकत नसे, पण सुपात कणीक, डाळ, तूप मांडून देऊ शकत असे. वाटेवरच्या बैरागी-गोसाव्यांचेही तेच. ते परक्याच्या हातचे खात नसत, म्हणून तीर्थांच्या वाटेवर चालणाऱ्या सदावर्तांतून त्यांना बहुधा पीठ, डाळ, मीठ मिळे आणि झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून ते आपापले शिजवून घेत. अन्नछत्रात मात्र पंगत बसे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने देशभर जी दानधर्माची कामे सांगितली जातात त्यांत घाट, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर अन्नछत्रेही आहेत. अन्नछत्राला आचारी, भांडी, लाकूडफाटा, पाणी आणि रोजची देखरेख लागते, म्हणून ते चालवणे राजे-सावकारांनाच परवडे. सदावर्ताला एक कोठी आणि एक मापारी पुरे.

शिध्यात काय असावे हे जवळजवळ ठरलेले होते: तांदूळ, तुरीची डाळ, कणीक, तूप, गूळ, मीठ, मिरची, हळद, जमल्यास भाजी, आणि वर विडा-दक्षिणा. रचना पाहिली तर ही एका संपूर्ण ताटाची कच्ची आवृत्ती आहे. देणाऱ्याने धान्य दिले आणि मीठ विसरला असे होऊ नये, हा त्यामागचा शहाणपणा. शिधा घेणाऱ्याला बाजार करावा लागू नये, फक्त चूल पेटवावी लागावी, अशी ही कल्पना आजच्या कोणत्याही मदतवाटपात लागू पडते, आणि ती आपल्या घराघरांत रूढ होती याचे मोल कमी लेखले जाते. मात्र ते शिधे जात होते कोणाकडे, हा प्रश्न वेगळा. पितृपक्ष, संक्रांत, अक्षय्य तृतीया, ग्रहण, बारसे आणि बारावे, प्रत्येक निमित्ताला शिधा निघे आणि तो पुरोहिताकडे जाई. जिन्नस निवडण्याचे निकषही पुष्कळदा प्रतीकाचे असत. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ, अधिक महिन्यात तेहतीस अनारसे किंवा बत्तासे, कारण त्या महिन्यात जाळीदार पदार्थ द्यायचा. तेहतीस अनारशांनी कोणाची भूक भागते, असा विचार त्या दानात नव्हता.

जोतीराव फुले यांनी नेमके इथेच बोट ठेवले. १८६९ च्या ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये आणि १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, शेतकऱ्याच्या घरात जन्मापासून मृत्यूपर्यंत कोणकोणत्या विधींच्या नावाने शिधे, तूप, दक्षिणा आणि जेवणावळी वसूल होतात याचा पाढा त्यांनी वाचला आहे. ज्याच्या घरी पोटभर नाही तो देणारा आणि ज्याच्या घरी कमी नाही तो घेणारा, ही उलटी व्यवस्था त्यांना दिसत होती. दानाच्या वस्तूवर केलेली टीका त्याहून कितीतरी जुनी आहे. कठोपनिषदाची कथाच तिथून सुरू होते. नचिकेताचा बाप सर्वस्वाच्या दानाचा यज्ञ करतो आणि दक्षिणेत देतो ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध देऊन झाले अशा म्हाताऱ्या गाई. त्या पाहून मुलाच्या मनात शंका उभी राहते. आपल्याला नको ते दानात काढण्याची खोड किती प्राचीन आहे, आणि ती लाजिरवाणी आहे ही जाणीवही तितकीच प्राचीन आहे, याचा हा पुरावा.

माधुकरीचा इतिहास निराळा. मधुकर म्हणजे भुंगा. तो एकाच फुलावर बसून राहत नाही, फुलाला न दुखवता थोडा रस घेतो आणि पुढे जातो. धर्मशास्त्रात संन्याशासाठी भिक्षेचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत माधुकर हा एक: आधी न ठरवता तीन, पाच किंवा सात घरी जावे आणि मिळेल ते घ्यावे. अन्नाची आवड निर्माण होऊ नये म्हणून काही संन्यासी मिळालेली झोळी नदीच्या पाण्यात बुडवून मगच खात. दत्तसंप्रदायात या भिक्षेला देवाचेच अधिष्ठान आहे. दत्तात्रेय रोज दुपारी कोल्हापुरात भिक्षा मागतात अशी श्रद्धा आहे, आणि गाणगापूरला जाणारे मराठी भाविक आजही पाच घरी माधुकरी मागतात. घरी सुखवस्तू असलेला माणूस तिथे झोळी पसरतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही इतरांना माधुकरी वाढतो. मुंजीतली भिक्षावळ हे याच प्रथेचे घरगुती रूप. बटूने ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणायचे आणि आई-मावश्यांनी तांदळाबरोबर लाडू-पेढे झोळीत घालायचे.

पण पुणे, वाई, नाशिकसारख्या विद्येच्या गावांत माधुकरीला एकोणिसाव्या शतकात फार वास्तव अर्थ होता. कोकणातून आणि घाटमाथ्यावरून शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलांचे पोट तिच्यावर चाले. स्नानसंध्या आटोपून, सोवळे नेसून, झोळी आणि पातळ पदार्थांसाठी एखादे भांडे घेऊन मुलगा ठरलेल्या आळीत निघे. घरच्या बाईने वैश्वदेव-नैवेद्य झाल्यावर आणि घरची माणसे पानावर बसण्यापूर्वी त्यातले काढून वाढायचे, हा नियम महत्त्वाचा. त्यामुळे माधुकरीचे अन्न थोडे असले तरी उष्टे किंवा शिळे नसे. एका घरी भाताची मूद, दुसऱ्या घरी पोळीचा चतकोर, तिसऱ्या घरी आमटी. खोलीवर परत येईपर्यंत सगळे एकमेकांत मिसळलेले. कोणाच्या घरी आज गोड झाले आहे, कोणाच्या घरी सुतक आहे, कोण पोळी देते आणि कोण फक्त भातच, हे मुलांना पाठ असे. देणाऱ्या घरालाही यात सोय होती. वेगळे काही करावे लागत नसे, चार माणसांच्या स्वयंपाकात मूठभर तांदूळ जास्त टाकले की भागे.

माधुकरीपेक्षा बरे म्हणजे वार लागणे. आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घेतलेले असत. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. इथे मुलगा पानावर बसून घरच्या माणसांबरोबर तेच जेवे, एकादशीला त्यालाही फराळच मिळे. एखादे घर गावाला गेले किंवा वार सुटला की त्या दिवशी उपास किंवा पुन्हा झोळी. या व्यवस्थेने अनेक पिढ्या शिकल्या, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदवण्यासारखीच आहे. पण तिची सोय एका जातीपुरती होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. महार-मांगाचा, न्हावी-कुंभाराचा हुशार मुलगा पुण्यात आला असता तर त्याच्यासाठी वार लावणारी सात घरे नव्हती. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, त्याच्या सुरुवातीच्या काळात तिथली मुले माधुकरी मागत. पुढे देणग्या, वसतिगृहे आणि खाणावळी वाढल्या तशी ही प्रथा ओसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत धान्य माणशी मोजून मिळू लागल्यावर दुसऱ्याच्या मुलासाठी मूठभर जास्त टाकणे अनेक घरांना कठीण झाले असणार.

शिजलेल्या अन्नाच्या दानाची दुसरी बाजू गावकुसाबाहेर दिसते. महार वतनदाराला गावकीच्या कामाबद्दल घरोघर फिरून भाकरी गोळा करण्याचा हक्क होता. नाव हक्काचे, पण टोपलीत पडे ती बहुधा रात्रीची शिळी भाकरी आणि उरलेले कालवण. मेलेल्या जनावराचे मांसही याच हक्कात मोडे. माधुकरीत घरच्यांच्या आधी काढलेले अन्न द्यायचे आणि इथे घरच्यांचे झाल्यावर उरलेले, हा फरक देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याची पायरी कोणती आहे ते उघड करतो. मार्च १९२७ मध्ये महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आवाहन केले. गावोगाव ते पाळले गेले, आणि त्यासाठी उपाशी राहण्याची, बहिष्कार सोसण्याची तयारीही लोकांनी दाखवली. अन्नदानाच्या इतिहासात देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडतात. घेणाऱ्यांनी मिळून नकार दिल्याची ही घटना त्या इतिहासाचे वळण आहे.

गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. स्वतः ते गावातली घाण झाडून, मगच कोणी दिलेली चटणी-भाकरी आपल्या गाडग्यात घेत. पण लोकांकडून येणाऱ्या पैशांतून यात्रांच्या ठिकाणी आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना पंगतीत बसवून ताजे अन्न वाढण्याची व्यवस्था त्यांनी लावली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोड जेवण घालून त्यांनी भाऊबंदांचा रोष ओढवून घेतला होता. पंगतीत काय वाढायचे याचा विचार त्यांनी असा आयुष्यभर केला.

सामान्य दिवसांची ही सगळी घडी दुष्काळात मोडे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी मनात आहे ती त्यामुळेच. बहामनी राज्यातल्या या अधिकाऱ्याने पंधराव्या शतकातल्या दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी उघडले आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्याचे पैसे भरले, अशी ती कथा. तीत अन्न शिजवून वाटलेले नाही. पोती उघडली गेली, लोकांनी धान्य नेले.

१८७६–७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारसमोर तोच पर्याय आकड्यांच्या भाषेत आला. सरकारचे वरिष्ठ अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सुचवलेल्या दराने दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळणार होता. खडी फोडणाऱ्या, मैल मैल चालत कामावर येणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य. त्यातून दळणाचे, सरपणाचे, मिठाचे भागवायचे. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून दिली, आणि १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारकडे सतत गाऱ्हाणे मांडले. याच दुष्काळात, १८७७ मध्ये फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ चालवला. तिथे मुलांना शिजलेले अन्न मिळे. त्या निवडीमागचे कारण साधे होते. आईबाप कामावर किंवा परागंदा, मूल एकटे. त्याच्या पदरात ज्वारी घालून काय उपयोग?

पुढे दुष्काळ आयोगांच्या चर्चेत आणि दुष्काळसंहितांत कोरडे की शिजलेले हा वाद वारंवार येतो. सरकारी अधिकाऱ्यांना शिजलेले अन्न पसंत पडे ते निराळ्याच कारणाने. सार्वजनिक स्वयंपाकघरातले अन्न खायला जातीचा, अब्रूचा संकोच होणारच, तेव्हा तो संकोच गिळून जो येईल तोच खरा गरजू, अशी ही परीक्षा होती. विचार क्रूर होता. ज्यांना संकोच आवरला नाही त्यांतले पुष्कळ घरातच मेले, आणि म्हणून पडदानशीन बायका, म्हातारे, घर सोडू न शकणारे यांच्यासाठी गावातच धान्य किंवा पैसे देण्याची तरतूद ठेवावी लागली. १९०० च्या दुष्काळात अमेरिकेतून ‘क्विटो’ नावाचे जहाज मका भरून मुंबईला आले. परक्या देशातल्या देणाऱ्यांनी आपल्याकडे पिकते ते पाठवले. ते इथे कोणाच्या जेवणात बसते हा विचार धान्य बंदरात उतरल्यावरचा होता.

मूठभर धान्याचे सर्वांत हिशेबी रूप विसाव्या शतकात शिक्षणसंस्थांनी घडवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्यासाठीचा मुष्टिफंड म्हणजे जुन्या कोरान्नाची नवी रचना. बाईने रोज दळायला किंवा शिजवायला काढलेल्या धान्यातून एक मूठ बाजूला काढायची, मडक्यात साठवायची, आणि साठले की ते वसतिगृहाकडे जायचे. दारात कोणी भिक्षेकरी नाही, कोणाला पुण्याचा मोह नाही, आणि धान्य तेच जे घरात खाल्ले जाते. मुले ते स्वतः शिजवत आणि महार, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण एका पंगतीत जेवत. वारावर जेवणाऱ्या मुलांना जे मिळाले नव्हते ते इथे मिळाले. देणारी बाई कोण, हे जेवणाऱ्या मुलाला ठाऊकही नसे. धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे सोने मोडले, हे साताऱ्यात अजून सांगितले जाते.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडून येणारा तांदूळ थांबला, आणि १९४३ पासून मुंबईत धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. मराठीने या परक्या व्यवस्थेसाठी घरातलाच शब्द उचलला: शिधावाटप, शिधापत्रिका. दानाचा शब्द हक्काच्या कागदावर छापला गेला. पण जुन्या शिध्यातला संपूर्ण ताटाचा विचार या नव्या शिध्यात फारसा नव्हता. जे उपलब्ध ते मिळे. भात खाणाऱ्या कोकणी कुटुंबाला गहू घ्यावा लागला, आणि गव्हाची पोळी न जमणाऱ्या बायकांना ती शिकावी लागली.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण तर दोन पदार्थांच्या नावाने टिकून आहे. पहिला मिलो, अमेरिकेतून आयात केलेली तांबडी ज्वारी. पांढऱ्या शाळू-मालदांडीवर वाढलेल्या माणसाला तिची लाल, चिरट भाकरी घशाखाली उतरेना. चव, रंग, पोत सगळे वेगळे. तरी ती खाऊनच लोक जगले. दुसरा पदार्थ सुखडी, पीठ, गूळ आणि तेल यांची कोरडी वडी, दुष्काळी कामांवर वाटली जाणारी. सुखडीची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. ती शिजवावी लागत नाही, खाण्याला भांडे लागत नाही, मुलाच्या मुठीत मावते, दोन दिवस नासत नाही, आणि चवीने ओळखीची आहे. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. एवढ्यांना ताट वाढणे अशक्य आणि कोरडे धान्य प्रत्येक वेळी उपयोगाचे नाही, या दोहोंमधली वाट सुखडीने काढली. त्या पिढीतली माणसे आजही मिलोचे नाव काढताच तोंड वाकडे करतात आणि सुखडीच्या आठवणीने हळवी होतात. धान्याबरोबर न मागितलेल्या गोष्टीही येतात, हा अनुभव त्याआधीच आला होता. १९५० च्या दशकाच्या मध्याला पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत, लोकांचे ‘काँग्रेस गवत’, आयात गव्हाबरोबर आले असा सर्वसाधारण समज आहे.

आज ज्याला फूड बँक म्हणतात ती संस्था या काळातच अमेरिकेत आकाराला आली. अॅरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल हे चर्चच्या भोजनालयात स्वयंसेवक होते. झाडांखाली पडून राहणारी फळे ते गोळा करून आणत. एका गरीब बाईने त्यांना सांगितले की दुकानांच्या कचऱ्यात फेकलेल्या चांगल्या अन्नावर ती मुले पोसते, आणि बँकेत पैसे ठेवावेत तसे अन्न ठेवण्याची जागा हवी. त्यातून १९६७ मध्ये सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. तिथे डबाबंद पदार्थांना महत्त्व आले, कारण डबे टिकतात आणि रचून ठेवता येतात. ब्रिटनमधल्या फूड बँकांनी पुढे एक बारकावा साधला. ज्यांच्याकडे फक्त पाणी उकळण्याची किटली आहे त्यांच्यासाठी एक पेटी आणि ज्यांच्याकडे तीही नाही त्यांच्यासाठी काहीच तापवावे न लागणारी दुसरी. सदावर्ताने गोसाव्याला पीठ आणि अन्नछत्राने यात्रेकरूला ताट दिले, त्यामागचाच हा विचार, फक्त इथे कारण सोवळ्याचे नसून चुलीचे आहे.

महाराष्ट्रात ही कल्पना आली ती शिजलेल्या अन्नाच्या रूपाने, कारण इथे घरात डबाबंद पदार्थांचा साठा नसतो, रोजची पोळी-भाजी असते. डिसेंबर २०१५ मध्ये औरंगाबादेत रोटी बँक सुरू झाली. घरातून ताज्या पोळ्या आणि भाजी आणून द्यायची, शिळे चालणार नाही, असा तिचा आग्रह. त्याच सुमारास मुंबईच्या डबेवाल्यांनीही लग्न-समारंभांत उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत नेण्याचे काम रोटी बँकेच्या नावाने हाती घेतले. उरलेले आणि उष्टे यांतला फरक मराठी घराला शिकवावा लागत नाही. पातेल्यात राहिले ते उरलेले, पानात राहिले ते उष्टे. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियम केले, आणि मुदत उलटलेले अन्न वाटण्याला त्यांत मनाई आहे.

२०२० च्या टाळेबंदीत जुना वाद पुन्हा उभा राहिला. केंद्र सरकारने शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य आणि कुटुंबामागे एक किलो डाळ मोफत दिली. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना त्याचा आधार झाला. कारखान्याच्या खोलीत आठ-दहा जण मिळून राहणाऱ्या, खाणावळीवर जगणाऱ्या, अथवा शिधापत्रिका गावीच राहिलेल्या मजुरांना मात्र शिजलेले हवे होते. त्या वर्षी २६ जानेवारीला सुरू झालेली शिवभोजन थाळी अशा वेळी उपयोगी पडली: दोन चपात्या, एक भाजी, भात आणि वरण, सुरुवातीची किंमत दहा रुपये. १९९५ नंतर निघालेल्या एक रुपयाच्या झुणका-भाकर केंद्रांच्या पुढची ही पायरी. थाळीत वरणाला जागा मिळाली हे लक्षात घेण्यासारखे, कारण स्वस्त जेवणातून डाळ सर्वांत आधी गळते.

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला. त्यात रवा, हरभऱ्याची डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. गहू-तांदूळ रेशनवर वेगळे मिळत होतेच, म्हणून या पिशवीत धान्य नव्हते. तूप-गुळाच्या जागी तेल-साखर आली होती. पहिल्या पिशवीत रव्याचे लाडू होत, डाळ दळून शेव-चकली होई, पण चिवडा आणि शंकरपाळे राहून जात. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत त्या पिशवीत मैदा आणि पोहे घातले गेले.